हातडियापासून जंबूकाकापर्यंत

गोंदियाजवळच्या मुर्री गावी सायंकाळी एखाद्या घराच्या ओसरीवर डोकावले, तर अलीकडे एक गंमत पाहावयास मिळते. घरातील लहान मूल पडद्यावरची हलती चित्रे पाहण्यात दंग झालेले असते, आणि त्या चित्रांत कुत्रे, मांजर, अस्वल इत्यादी मंडळी चक्क एक कंपनी काढून घरोघर सामान पोचविण्याचा धंदा करीत असतात. पत्ता चुकतो, एकाचा गठ्ठा दुसऱ्याच्या दारी पडतो, गिऱ्हाईक संतापते, आणि मूल पोट धरून हसते. वडील माणसांना हा परदेशातून आलेला निव्वळ पोरखेळ वाटतो. परंतु जनावर, माल आणि विनोद या तिहींची सांगड आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिच्यामागील इतिहास मात्र तितकासा हसरा नाही.

प्रथम आपल्या विदर्भातीलच एक उदाहरण घेऊ. निषधराज नलाने उद्यानात एक सोनेरी हंस पकडला. 'मला मारू नकोस, मी विदर्भात जाऊन दमयंतीपाशी तुझे गुण वर्णन करीन,' असा करार हंसाने केला, व तो पाळला. निरोप पोचविण्याचा मोबदला म्हणून त्याला जीवदान मिळाले. महाभारतातील हे उपाख्यान रघुनाथ पंडिताने मराठीत असे काही रंगविले, की हंसाची ती धडपड आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या वाचली गेली.

दुसरे उदाहरण पंचतंत्रातील. या ग्रंथाची पहिली कथाच मुळी मालवाहतुकीच्या धंद्यातून निघाली आहे, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. दक्षिणेकडील महिलारोप्य नगराचा एक व्यापारी माल भरून मथुरेस निघाला. वाटेत यमुनाकाठच्या चिखलात त्याच्या गाडीचा संजीवक नावाचा बैल पाय मोडून पडला. धन्याने काही दिवस वाट पाहिली, राखणदार ठेवले, आणि मग तो पुढे निघून गेला. राखणदारांनीही बैलाला तेथेच टाकले आणि तो मेला अशी थाप धन्याला दिली. पुढे हा बैल हिरवे गवत खाऊन सावरला, सिंहाचा मित्र झाला, आणि करटक व दमनक या दोन कोल्ह्यांच्या कारस्थानास बळी पडला. आठव्या शतकात अरबीत गेलेले 'कलीला व दिमना' हे पुस्तक याच दोन कोल्ह्यांच्या नावाने जगभर फिरले. बिचाऱ्या बैलाचे नाव मात्र त्या पुस्तकाला मिळाले नाही.

हंसाशी करार झाला, संजीवकाशी झाला नाही. ओझे वाहणाऱ्या जिवाशी माणसाने ज्या दोन रीतींनी व्यवहार केला, त्या या दोन कथांत जणू नोंदल्या गेल्या आहेत. इतिहासातही त्या दोन्ही आढळतात.

आगगाडीपूर्वी या देशात धान्य व मीठ दूरवर नेण्याचे काम मुख्यतः बंजाऱ्यांचे तांडे करीत. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात जो तांडा भेटला, त्यात धान्याने लादलेले १४,००० बैल होते. आणि दहा-बारा हजार बैलांचे तांडे आपण पाहिल्याचे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए यानेही लिहून ठेविले आहे. १८०३ साली वऱ्हाडात आडगाव व गाविलगड येथे लढलेल्या वेलस्लीच्या फौजेचे पोटही पुष्कळ अंशी या लमाणी बैलांच्या पाठीवर अवलंबून होते.

या तांड्यांविषयी एक हकीकत रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात आली आहे, ती आपल्या विषयाला फार जवळची आहे. तांड्याच्या अग्रभागी हातडिया नावाचा एक बैल चाले. त्याच्या पाठीवर ओझे कधीच लादले जात नसे. तांबड्या रेशमाच्या झिरमिळ्या, घुंगरे, पितळी साखळ्या आणि कवड्यांच्या माळा यांनी तो नटविलेला असे. तो थकून जेथे बसेल, तेथेच त्या दिवसाचा मुक्काम पडे. आजारी माणसाला त्याच्या पायांशी नेत, संकटात नवस त्यालाच बोलत. म्हणजे जनावरांनी चालविलेली कंपनी ही केवळ चित्रकाराची कल्पना नव्हे! शेकडो मैलांच्या व्यापारातील रोजची मजल किती, हा प्रश्न एका बैलाच्या गुडघ्यांवर सोपविणारे लोक या महाराष्ट्राच्याच वाटांवरून गेले आहेत.

यात केवळ भोळी श्रद्धाच होती, असे मानण्याचे कारण नाही. पुढचा बैल थकला, म्हणजे मागचे लादलेले बैल त्याहून अधिक थकलेले असणार, हे व्यवहारज्ञानही त्यात आहे. मालकाच्या लोभाला जी मर्यादा मालकाने स्वतः घातली नसती, ती या बैलाच्या बसण्याने आपोआप पडत असे.

पुढे लोहमार्ग आला. १८६७ साली मुंबईहून नागपूरपर्यंत गाडी आली. नंतर पूर्वेकडचा मार्ग गोंदियावरून छत्तीसगडात गेला, आणि १८९१ साली तो आसनसोलास मिळाल्यावर नागपुरावरून कलकत्त्याची वाट खुली झाली. गोंदिया जंक्शन झाले. या भाताच्या मुलुखातील तांदूळ डब्यांत भरून बाहेर जाऊ लागला. जनावरांची पाठ हलकी झाली, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु ज्या माणसांचा धंदा त्या पाठीवर चालला होता, त्यांचे काय? त्यांची गत संजीवकासारखी झाली. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का पुढे बंजाऱ्यांच्या कित्येक गटांवर बसला, आणि तो कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले. फौजांना जगविणारे लोक त्याच वाटांवर संशयित ठरले.

नेमक्या याच काळानंतर चित्रांतील जनावरे हलू लागली, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात निर्जीव काड्यांना पडद्यावर चालविले. १९३४ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'जंबूकाका' हे व्यंगचित्रपट काढले. जंबूक म्हणजे कोल्हा. तेव्हा करटक-दमनकांचा हा भाऊबंदच म्हणावयाचा. १९५६ साली मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांचा विभाग निघाला, आणि पुढच्याच वर्षी तेथे जातकातील न्यग्रोधमृगाची कथा चित्रित झाली. ती कथा दुसऱ्याच्या जिवासाठी स्वतःचा जीव देऊ करणाऱ्या हरिणराजाची आहे.

पडद्यावरच्या गठ्ठ्याला वजन नसते, म्हणूनच तो पडला की हसू येते. पण ते हसू निर्माण करावयास ओझे वाहावेच लागते. चित्रपटात सेकंदास २४ चौकटी सरकतात, म्हणजे दहा मिनिटांच्या खेळाला १४,४०० चौकटी लागतात. जवळजवळ मंडीच्या तांड्यातील बैलांइतकीच ही संख्या! संगणक येण्यापूर्वी यांतील चित्रे माणसे हाताने काढीत व रंगवीत, आणि बघणाऱ्यास त्यांची नावे क्वचितच ठाऊक असत.

मुलांना असल्या चित्रांपासून दूर ठेवावे, असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. मुलाला जनावर धन्याच्या खुर्चीत बसलेले आवडते, यात त्याची न्यायबुद्धीच दिसून येते. आपल्या भागातील तान्हा पोळा पाहा. मोठ्या पोळ्याला खऱ्या बैलांची पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशी मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात व बोजारा मागतात. वर्षभर बैलाने माणसाचे ओढले. त्या दिवशी माणसाचे पोर बैलाला ओढते.

तेव्हा मुर्रीतील ते मूल हसून झाले, म्हणजे त्याला हातडियाची गोष्ट अवश्य सांगावी. कारण आज जनावरांच्या जागी पाठीवर मोठी पिशवी घेतलेला तरुण दुचाकीवरून आपल्या दारी येतो. उन्हातान्हात त्याने किती दारे गाठावयाची, आणि थकल्यावर कोठे बसावयाचे, हे ठरविणारा हातडिया त्याच्यापुढे चालत नाही. तो दारी आला, म्हणजे गठ्ठा हाती घेण्यापूर्वी त्याला तांब्याभर पाणी विचारावे, एवढे जरी त्या मुलाला सुचले, तरी जनावरांच्या त्या कंपनीने आपला माल योग्य पत्त्यावर पोचविला, असे आम्ही समजू.