मुखभावांचे आकलन

मुखभावांचे आकलन म्हणजे समोरच्या व्यक्तीचे डोळे, भुवया, कपाळ, ओठ इत्यादींच्या हालचालींवरून तिच्या मनातील भावना ओळखण्याची प्रक्रिया होय. मुखभाव सर्व मानवजातीत समान असतात की संस्कृतीनुसार बदलतात, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

भारतीय परंपरा

भरताच्या नाट्यशास्त्रात डोळे, भुवया, नाक, गाल, ओठ व हनुवटी या उपांगांच्या अभिनयाचे सविस्तर वर्णन आहे. अश्रू, स्वेद, वैवर्ण्य इत्यादी आठ सात्त्विक भाव त्यात वेगळे मानले आहेत. मराठीतील 'चेहरा पडणे', 'नाक मुरडणे', 'कपाळाला आठ्या घालणे' हे वाक्प्रचारही मुखभावांच्या सूक्ष्म निरीक्षणातून आलेले आहेत.

डार्विनची प्रश्नावली

चार्ल्स डार्विन यांनी १८६७ मध्ये मुखभावांविषयी सोळा प्रश्नांची छापील यादी निरनिराळ्या देशांतील निरीक्षकांकडे पाठविली. या माहितीचा उपयोग त्यांनी १८७२ च्या आपल्या ग्रंथात केला. सोलापूरला लागून असलेल्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील मुलकी अधिकारी एच. अर्स्किन यांनी तेथील रहिवाशांचे निरीक्षण केले. परंतु युरोपीय माणसासमोर लोक आपल्या भावना लपवीत असल्याने खात्रीचा निष्कर्ष काढणे त्यांना कठीण गेले.

कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील जे. स्कॉट यांनी मात्र झाडांआडून, स्वतः न दिसता, मरणासन्न तान्ह्या बाळाची शुश्रूषा करणाऱ्या एका माळ्याच्या पत्नीला पाहिले. तिच्या भुवयांची आतील टोके वर उचललेली, पापण्या झुकलेल्या आणि ओठांचे कोपरे खाली ओढलेले होते. स्कॉट समोर येऊन बोलताच ती दचकली, रडू लागली आणि बाळाला बरे करण्याची विनवणी करू लागली. दिसणारी मुद्रा पाहणाऱ्याच्या उपस्थितीवरही अवलंबून असते, हे या दोन नोंदींवरून दिसते.

मेंदूतील प्रक्रिया

चेहरा ओळखण्यात शंखखंडाच्या तळाशी असलेल्या फ्युझिफॉर्म गायरस या भागाचा, तर बदलत्या हालचाली टिपण्यात सुपीरिअर टेम्पोरल सल्कसचा मोठा वाटा असतो. भीती ओळखण्याशी अमिग्डाला निगडित आहे. दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या एका अमेरिकन महिलेला भयभीत चेहरा ओळखता येत नसे. ती समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतच नाही, असे २००५ मध्ये राल्फ अ‍ॅडॉल्फ्स व सहकाऱ्यांना आढळले. डोळ्यांकडे पाहण्याची सूचना देताच तिला भीती ओळखता आली.

सार्वत्रिकता आणि संस्कृती

पॉल एकमन यांनी १९६० च्या दशकात पापुआ न्यू गिनीमधील फोरे लोकांचा अभ्यास करून आनंद, दुःख, राग, भीती, किळस व आश्चर्य यांच्या मुद्रा सार्वत्रिक असल्याचे मत मांडले. २००० साली अहल्या हेजमाडी व सहकाऱ्यांनी नाट्यशास्त्रावर आधारित मुद्रांची चित्रफीत भारतीय व अमेरिकन प्रेक्षकांना दाखविली. दोन्ही गटांनी बहुतेक भाव बऱ्याच अचूकपणे ओळखले. याउलट, जोनाथन हाइट व डॅकर केल्टनर यांच्या १९९९ च्या अभ्यासात जीभ चावण्याची मुद्रा ओडिशातील लोकांनी लाज म्हणून ओळखली, अमेरिकनांना ती उमगली नाही. मराठीतही 'जीभ चावणे' हा वाक्प्रचार चूक लक्षात आल्याचा संकोच दर्शवितो.

मर्यादा

केवळ चेहऱ्यावरून भावना निश्चित सांगता येत नाही, असे लिसा फेल्डमन बॅरेट व सहकाऱ्यांनी २०१९ च्या आढाव्यात म्हटले आहे. रागावलेली प्रत्येक व्यक्ती कपाळाला आठ्या घालत नाही आणि प्रत्येक आठी रागाची नसते. त्यामुळे चौकशी, मुलाखत किंवा संगणकीय भावओळख यांत प्रसंग, नातेसंबंध व संस्कृती यांचा विचार न केल्यास निष्पाप व्यक्तीविषयीही चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.