नाव मोठे, चिप तीच : ग्राफिक्स कार्डचे 'फ्लॅशिंग' म्हणजे काय?

हुबळीत अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी दुर्गदबैलच्या बाजारात एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड विकत घेतले. गोव्यातील वाचकांना हुबळी परकी नाही. कॅसलरॉक, लोंढामार्गे जाणारी रेल्वे आपल्याला थेट तेथे नेऊन सोडते. आणि दुर्गदबैल हा त्या शहरातील जुन्या बाजारपेठेचा गजबजलेला चौक, जेथे संध्याकाळी गिरमिट आणि मिरची भजीच्या गाड्यांभोवती उभे राहायला जागा मिळत नाही. विक्रेत्याने कार्ड संगणकाला जोडून पडद्यावर 'रेडिऑन आरएक्स ५८०' हे नाव दाखवले आणि सौदा पक्का झाला. खोलीवर आल्यावर मात्र खेळ सुरू केला की थोड्याच वेळात पडदा काळा होऊ लागला. "ताई, नाव तर बरोबर दाखवतंय, मग बंद का पडतंय?" असा त्याचा फोन आला. उत्तर त्या नावातच दडलेले होते. कार्ड होते आरएक्स ५७०. त्यावर वरच्या मॉडेलचे फर्मवेअर चढवलेले होते.

या प्रकाराला संगणकाच्या बाजारात 'बायोस फ्लॅश करणे' म्हणतात. तो मुळात फसवणुकीसाठी जन्मलेला नाही. स्वस्त कार्डाकडून महागड्या कार्डाचे काम करून घेण्याची ती हौशी मंडळींची जुनी खटपट आहे, आणि काही वेळा ती पूर्ण यशस्वीही झाली आहे. मालकाने स्वतःच्या कार्डावर केली तर ती हौस. तेच कार्ड नव्या नावाने दुसऱ्याच्या गळ्यात बांधले तर ती लबाडी. कृती मात्र दोन्हीकडे अगदी एकच.

प्रत्येक ग्राफिक्स कार्डावर मुख्य चिपखेरीज बहुधा आठ पायांची एक छोटी स्मृतिचिप असते. वीज सुरू होताच कार्ड सर्वप्रथम तिच्यातील मजकूर वाचते. मुख्य चिपने किती मेगाहर्ट्झने चालावे, तिला किती व्होल्ट द्यावेत, एकूण किती वॅटपर्यंत वीज खेचू द्यावी, स्मृतीचा वेग व तिच्या वेळा काय असाव्यात, पंखा केव्हा वाढवावा, आणि संगणकाला आपली ओळख काय सांगावी, हे सारे त्यात नोंदलेले असते. यालाच कार्डाचे बायोस किंवा फर्मवेअर म्हणतात. ही चिप पुन्हा लिहिता येते. तो मजकूर पुसून दुसरा लिहिणे म्हणजे फ्लॅशिंग. एएमडीच्या कार्डांसाठी एटीआयफ्लॅश, एनव्हिडियाच्या कार्डांसाठी एनव्हीफ्लॅश ही साधने त्यासाठी वापरात आहेत, आणि प्रत्यक्ष लिहिण्याचे काम मिनिटभरात उरकते.

एका चिपची दोन मॉडेले

नुसता मजकूर बदलून कार्ड वरच्या वर्गात कसे जाईल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर कारखान्यात मिळते. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिपा एकदम घडवल्या जातात आणि त्यांतील काहींत बारीक दोष राहतात. आधुनिक ग्राफिक्स चिपमध्ये एकसारखे हजारो गणकघटक असतात. बाजारात त्यांना शेडर म्हणतात. त्यांपैकी थोडे सदोष निघाले तर सगळी चिप फेकून देण्याऐवजी तेवढा भाग बंद करून ती खालच्या मॉडेलमध्ये बसवली जाते. आंब्याच्या पेटीतून डागी फळ वेगळे काढून कमी भावाने विकावे, तसेच हे. पण उत्पादन सुधारत गेले की डागी चिपा कमी पडू लागतात आणि मागणी तर स्वस्त मॉडेललाच जास्त असते. मग निर्दोष चिपांचेही काही भाग मुद्दाम बंद करून त्या खालच्या नावाने विकल्या जातात. हौशी लोकांची सारी आशा या दुसऱ्या प्रकारच्या चिपांवर असते.

भाग बंद कसा केला आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून. तो ड्रायव्हरने किंवा फर्मवेअरने बंद केला असेल तर मजकूर बदलून उघडता येतो. कारखान्यात चिपमधील सूक्ष्म फ्यूज जाळून किंवा लेझरने जोडणी कापून बंद केला असेल, तर कोणतेही फर्मवेअर त्याला जागे करू शकत नाही.

या शतकाच्या आरंभी पहिला मार्ग बराच मोकळा होता. २००२ साली आलेल्या एटीआय रेडिऑन ९५०० या कार्डात तीच चिप होती जी ९७०० मध्ये होती. फक्त आठांपैकी चार पाइपलाइन बंद होत्या. त्या ड्रायव्हरमधील बदलाने उघडता येत. काहींचे कार्ड खरोखर ९७०० झाले. काहींच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटू लागले, म्हणजे त्यांची चिप सचोटीने डागी ठरवलेली होती! २००४ मध्ये एक्स ८०० प्रो व्हीआयव्हीओ या कार्डावर एक्सटीचे बायोस लिहून बाराच्या सोळा पाइपलाइन करणारे अनेक होते.

सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र डिसेंबर २०१० मधले. एएमडीने रेडिऑन एचडी ६९७० आणि एचडी ६९५० ही कार्डे एकाच वेळी बाजारात आणली. अमेरिकेतील किंमत अनुक्रमे ३६९ आणि २९९ डॉलर. पहिल्यात १५३६ शेडर, दुसऱ्यात १४०८. वेग ८८० विरुद्ध ८०० मेगाहर्ट्झ. काही दिवसांतच लक्षात आले की ६९५० च्या सुरुवातीच्या कार्डांतील उरलेले १२८ शेडर केवळ फर्मवेअरने झाकलेले आहेत. ६९७० चे बायोस लिहिताच ते उघडत. शिवाय या कार्डांवर दोन बायोस होती आणि त्यांच्यात निवड करणारी एक लहानशी कळ होती. त्यांतले एक पुसताच येत नसे. प्रयोग फसला तर कळ सरकवायची आणि मूळ कार्ड परत मिळवायचे. इतकी निर्धास्त सोय नंतर क्वचितच मिळाली.

तरीही ते कार्ड हुबेहूब ६९७० होत नव्हते, ही बाब त्या वेळच्या उत्साहात अनेकांच्या नजरेतून सुटली. ६९५० ला सहा पिनांचे दोन वीजजोड होते, ६९७० ला एक सहाचा व एक आठाचा. स्मृतीच्या चिपाही कमी वेगासाठी मान्यता दिलेल्या होत्या. म्हणून जाणकार संपूर्ण परके बायोस न लिहिता स्वतःच्याच बायोसमध्ये शेडर उघडण्यापुरता बदल करीत आणि वेग व व्होल्ट मूळचेच ठेवीत. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणी माणसे हीच. पुढे आलेल्या कार्डांत कंपनीने ते भाग कायमचे बंद केले आणि ती खिडकी मिटली.

त्यानंतरही अधूनमधून फटी सापडत राहिल्या. २०१३ च्या अखेरीस आर९ २९० च्या काही कार्डांत २५६० चे २८१६ शेडर झाले. २०१६ मध्ये आरएक्स ४८० च्या ४ जीबीच्या आरंभीच्या काही कार्डांवर प्रत्यक्षात ८ जीबी स्मृती बसवलेली होती. ८ जीबीचे बायोस लिहिले की ती सगळी दिसू लागे. २०१७ च्या वेगा ५६ ची गोष्ट वेगळी. तिच्यावर वेगा ६४ चे बायोस चढे, पण ३५८४ चे ४०९६ शेडर होत नसत. फायदा होई तो स्मृतीला जास्त व्होल्ट आणि चिपला जास्त वॅट मिळाल्यामुळे. २०२५ मध्ये आरएक्स ९०७० वर ९०७० एक्सटीचे बायोस चढवणाऱ्यांनाही हेच दिसले: शेडर ३५८४ च राहिले, पण २२० वॅटची मर्यादा ३०४ वर गेल्याने वेग वाढला. यात बंद दार उघडले जात नाही, केवळ लगाम सैल होतो. आणि वाढलेली उष्णता सोसण्याइतका पंखा, वीजजोड व पॉवर सप्लाय आपल्याकडे आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मालकावर येते.

कंपन्यांनीही हा मार्ग वापरला आहे. जानेवारी २०२० मध्ये आरएक्स ५६०० एक्सटी बाजारात येत असतानाच एनव्हिडियाने आपल्या आरटीएक्स २०६० ची किंमत उतरवली. एएमडीने घाईघाईने नवे बायोस काढून आपल्या कार्डाचा वेग वाढवला. पहिल्या दिवशी दुकानात पोहोचलेल्या अनेक खोक्यांत मात्र जुनेच बायोस होते, आणि ते घरी फ्लॅश करून घेण्याची पाळी ग्राहकांवर आली.

एकंदरीत दारे आता आवळली गेली आहेत. एनव्हिडियाच्या २०१६ च्या पास्कल पिढीपासून आणि एएमडीच्या २०१७ च्या वेगापासून कार्ड फक्त कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असलेले बायोस स्वीकारते. स्वतः फेरफार केलेला मजकूर चालत नाही. दुसऱ्या मॉडेलचे अधिकृत बायोस चढते का, एवढाच प्रश्न उरतो.

बनावट नावांचा बाजार

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांनी त्याचे 'मायनिंग' करणे एका दिवसात थांबले. वर्षानुवर्षे अहोरात्र चाललेली कार्डे त्यानंतर जुन्या बाजारात आली. त्यांत आरएक्स ४७०, ४८०, ५७० आणि ५८० यांचा भरणा मोठा. मायनिंगसाठी यांच्या बायोसमध्ये स्मृतीच्या वेळा बदललेल्या असत, आणि असे बदललेले बायोस असले की विंडोजमधील एएमडीचा ड्रायव्हर ते नाकारतो. नवे कार्ड म्हणून हाती आलेल्या वस्तूवर ड्रायव्हर बसत नसेल, तर तिचा पूर्वेतिहास ओळखायला हरकत नाही.

आरएक्स ५८० च्या नावात तर कंपनीनेच गोंधळ घालून ठेवला आहे. मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर, ५७० मध्ये २०४८. २०१८ मध्ये चिनी बाजारासाठी 'आरएक्स ५८० २०४८एसपी' नावाचे कार्ड निघाले, जे कुवतीने ५७० च आहे. विकताना शेवटची अक्षरे गाळली की झाले.

याहून उघड लबाडी एनव्हिडियाच्या नावाने चालते. २०१० चे जीटीएस ४५० किंवा २०११ चे जीटीएक्स ५५० टीआय घ्यायचे, त्याच्या बायोसमध्ये 'जीटीएक्स १०५० टीआय' लिहायचे आणि नव्या खोक्यात भरायचे. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ गणकघटक असतात, या जुन्या कार्डांत १९२.

ओळखण्याचा मार्ग फार अवघड नाही. जीपीयू-झेड हे मोफत साधन आपल्या पेनड्राइव्हवर नेऊन स्वतः चालवावे. विक्रेत्याने काढून ठेवलेले पडद्याचे छायाचित्र पाहून समाधान मानू नये. नाव वाचू नये, शेडरचा आकडा वाचावा आणि तो त्या मॉडेलच्या अधिकृत आकड्याशी ताडून पाहावा. २०१८ पासून हे साधन एनव्हिडियाच्या बनावट कार्डाच्या नावाआधी 'फेक' असा शब्दही दाखवते. डोळ्यांनीही काही कळते. जीटीएक्स १०५० टीआयच्या पिढीतील चिपांतून जुन्या पद्धतीचा व्हीजीए संकेत निघतच नाही. तेव्हा त्या नावाच्या कार्डाला निळा व्हीजीए जोड दिसला तर दुकानाबाहेर पडावे. शेवटी कार्डावर भार देणारी चाचणी किमान अर्धा तास चालवून पाहावी. नाव बदलता येते, अर्ध्या तासाची उष्णता लपवता येत नाही.

स्वतःच्या कार्डावर प्रयोग करायचाच असेल तर आधी मूळ बायोसची प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवावी. स्मृतीच्या चिपा कोणत्या कंपनीच्या आहेत हे पाहावे. सॅमसंगच्या चिपांसाठी लिहिलेले बायोस हायनिक्सच्या चिपांवर चालेलच असे नाही. लिहिताना वीज गेली तर कार्ड मुके होते, म्हणून पावसाळ्यात यूपीएसविना हे काम करू नये. मुके झालेले कार्ड बहुधा कायमचे मेलेले नसते. मदरबोर्डवरील ग्राफिक्सने किंवा दुसऱ्या कार्डाने संगणक सुरू करून पुन्हा लिहिता येते. तेही न जमल्यास सीएच३४१ए नावाचा छोटा प्रोग्रामर आणि चिमटा थेट त्या आठ पायांच्या चिपला लावतात. काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात. त्यांना वेगळा जोड लागतो, नाही तर चिप जळते. हमी शिल्लक असेल तर ती सहसा येथेच संपते.

आता फसगत झालेल्याने काय करावे? वस्तू विशिष्ट दर्जाची किंवा मॉडेलची असल्याचे खोटे सांगणे आणि जुनी वस्तू नवी म्हणून विकणे, या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. गोव्यातील ग्राहकाला यासाठी हुबळीला खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी सल्लाही मिळतो. मात्र हा मार्ग व्यापाऱ्याविरुद्ध आहे. एखाद्या खासगी व्यक्तीने ओळखीपाळखीत कार्ड विकले असेल, तर फसवणुकीची फिर्याद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली द्यावी लागते. कोणत्याही मार्गाने गेलात तरी पावती लागते, आणि तिच्यावर नुसते 'ग्राफिक्स कार्ड' असे न लिहिता पूर्ण मॉडेल व शेडरची संख्या लिहून घेतलेली असावी.

मावसभावाकडे पावती नव्हती. विक्रेत्याशी दोन फेऱ्या वाद घातल्यावर त्याने थोडे पैसे परत केले. कार्ड तर गळ्यात पडलेच होते. तेव्हा एका मित्राच्या मदतीने त्याने त्याच कंपनीच्या आरएक्स ५७० चे, त्याच स्मृतीचिपांसाठी असलेले मूळ बायोस शोधून ते परत लिहिले. विजेची मर्यादा १८५ वरून १५० वॅटला आली, स्मृतीचा वेग उतरला, आणि पडदा काळा होणे थांबले.