पाटी नसलेली मीटिंग

दारू सोडू पाहणाऱ्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मीटिंग कुठे भरते हे कळणे, म्हणजे वरवर पाहता पत्ता विचारण्याइतके सोपे काम. ते तसे का नाही, हे मोठ्या शहरापेक्षा तालुक्याच्या गावात स्वच्छ दिसते. तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाताना लागणारे ओरत्तनाडु मी मुद्दाम निवडतो. इथे सरफोजीराजांनी (दुसरे, कारकीर्द 1798–1832) मुक्तांबाळ या स्त्रीच्या नावाने छत्र, म्हणजे वाटसरूंसाठीची धर्मशाळा, बांधले. तंजावरच्या छत्रांची पद्धत राजांनी 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्राने कळवली होती. आजारी वाटसरूला वैद्य आणि औषध मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याला जेवायला बोलावले जाई. गरजवंताला छत्र शोधावे लागू नये, अशी ही रचना होती.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसची रचना नेमकी उलटी आहे. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलू लागले आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. सभासदत्वाची अट एकच, पिणे थांबवण्याची इच्छा. फी नाही, बाहेरची देणगी नाही, उपचार करणारा आणि रुग्ण असा भेदही नाही. शाळेची एखादी खोली किंवा चर्चचा हॉल ठरावीक संध्याकाळी घ्यायचा, नाव फक्त पहिले सांगायचे, आणि इथे ऐकलेले इथेच ठेवायचे. रस्त्यावरून दिसेल अशी पाटी सहसा नसते.

या अनामिकतेचे दोन भाग पडतात, आणि ते वेगळे न केल्याने बराच गोंधळ होतो. खोलीतली अनामिकता नियमाने राखता येते. खोलीपर्यंतच्या वाटेवरची अनामिकता मात्र लोकसंख्येवर अवलंबून असते. दादरचा माणूस वांद्र्याच्या मीटिंगला गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ओरत्तनाडुच्या बसस्टँडवर उभा असलेला माणूस कोणाचा तरी जावई असतो, आणि तो दर गुरुवारी संध्याकाळी कुठे जातो हे महिन्याभरात सगळ्यांना कळते. म्हणून लोक तंजावरची मीटिंग पसंत करतात. तिथपर्यंतचे अंतर ही एका अर्थी गुप्ततेची किंमत. पण ती बसभाड्याने, बुडालेल्या मजुरीने आणि परतीच्या शेवटच्या गाडीच्या धास्तीने दर आठवड्याला चुकवावी लागते, आणि शेतमजुराला ती सर्वांत जड जाते. उलट, तमिळनाडूत 2003 पासून किरकोळ दारूविक्री टास्मॅक या सरकारी कंपनीच्याच हातात आहे. तिचे दुकान दुपारी बाराला उघडते आणि रात्री दहाला मिटते. त्याचा पत्ता कोणाला विचारावा लागत नाही.

शोध घेणारा बहुधा पिणारा नसतोच. बायको असते, आई असते, कधी थोरला मुलगा. मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने पुण्यात ‘सहचरी’ हा पत्नींचा गट चालवला तो याच जाणिवेतून. घरच्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केले की काही तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यानंतर भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. अशा माणसाचा पहिला पत्ता मीटिंगचा नव्हे, इस्पितळाचा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 वर हा पत्ताही विचारता येतो. छोट्या गावात इस्पितळाची वाट आणखी एका कारणाने सोयीची पडते: पोटदुखीचे निमित्त कोणालाही चालते.

वाटेवरची अनामिकता सरळ सोडून देणारा एक प्रयोग याच मुलखात झाला. शांती रंगनाथन यांनी 1980 मध्ये चेन्नईत स्थापन केलेल्या व्यसनमुक्ती संस्थेने 1989 पासून मंजक्कुडी या खेड्यात शिबिरे घेतली. गाव तेव्हा तंजावर जिल्ह्यात होते, आता तिरुवारूरमध्ये आहे. गावातली माणसे एकत्र, गावाच्या देखत दारू सोडत होती. लपवण्यासारखे काही उरले नाही, म्हणून लाजही सगळ्यांत वाटून घेतली गेली. खेड्यापुरता मला हाच मार्ग अधिक खरा वाटतो.

तरी पत्ता मिळाला म्हणजे माणूस पोहोचला असे होत नाही. 1981 मध्ये सिसन आणि मॅलम्स यांनी वीस रुग्णांवर एक छोटा अभ्यास केला. दहा जणांना मीटिंगची माहिती देऊन जायला सांगितले. एकही गेला नाही. उरलेल्या दहांचे सल्लागारासमोरच एका सभासदाशी फोनवर बोलणे करून दिले, आणि त्या सभासदाने सोबत न्यायची तयारी दाखवली. दहाही गेले. वीस जणांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण वॉर्डातल्या समुपदेशकाने छापील कागद हातात देण्याऐवजी तिथल्या तिथे फोन लावावा, एवढे यातून नक्की घेता येते. फोनवरचा माणूस तमिळ बोलणारा हवा. घरात मराठी बोलणारी तंजावरी कुटुंबेही आपली दुखणी बाजारात तमिळमध्येच सांगतात.

गावात मीटिंग नसेल तर ती आणताही येते. दारू सोडण्यासाठी दोघे-तिघे जमले की गट झाला, त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. अडचण येते ती खोलीची. शाळेतली घेतली तर शिक्षक ओळखतात, चर्चमधली घेतली तर काही जण येत नाहीत, देवळाची घेतली तर दुसरे काही. आणि खोली कोणत्या गल्लीत आहे यावरून कोणत्या जातीची माणसे उंबरा ओलांडतील हे बरेचसे ठरते. म्हणून अशा गटाने किती मीटिंगा भरवाव्यात याआधी कुठे भरवाव्यात हे ठरवावे, आणि ठरवताना त्या गल्लीत न राहणाऱ्यालाही विचारावे.