पेट्रोलमधलं शिसं: काळजी घेतली, पण कोणाची?

‘अनलेडेड’ हा शब्द तुम्ही पेट्रोल पंपावर वाचला असेल. त्यामागचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

१९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना आढळलं, की पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग जरासं मिसळलं तरी इंजिनाची खटखट थांबते. हा द्रव मात्र त्वचेतूनही शरीरात शिरतो आणि चरबीत विरघळत असल्याने मेंदूपर्यंत सहज पोहोचतो. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात कामगारांना भास होऊ लागले, काही जण बेभान झाले. पाच जण दगावले.

डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी धोक्याचा इशारा दिला होता. तरीही १९२६ मध्ये सरकारी समितीने बंदीला पुरेसा आधार नाही असं सांगितलं आणि उत्पादन व मिसळण्यासाठी नियम सुचवले.

मेख इथेच होती. नियम कारखान्यापुरते होते. इंजिनात जळलेलं शिसं धुरातून धुळीत आणि धुळीतून मुलांच्या रक्तात गेलं. मुलांसाठी शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही. भारतात असं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, तर जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ मध्ये.

आजही बॅटऱ्यांमध्ये शिसं असतंच. तुम्ही ते काम करत असाल, तर हातमोजे आणि मास्क पुरेसे नाहीत. कामाचे कपडे घरी आणू नका आणि आंघोळ करूनच मुलांना जवळ घ्या.