नगराची हवा आणि अनुदानाची अट : छत्रपती संभाजीनगराचे उदाहरण

प्रदूषण-निवारणार्थ खर्च होणाऱ्या सार्वजनिक द्रव्याचा परिणाम त्याच्या रकमेइतकाच त्यास जोडलेल्या मोजमापावरही अवलंबून असतो, ही गोष्ट छत्रपती संभाजीनगराच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, अलीकडील इतिहासावरून स्पष्ट होते.

केंद्र शासनाच्या इ. स. २००० च्या घनकचरा नियमांनी कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे २००३ अखेर उभारण्याचे बंधन नगरसंस्थांवर घातले होते. तथापि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे पावणेबारा लक्ष वस्तीच्या या नगराचा कचरा त्यानंतरही दीर्घकाळ नारेगावच्या डेपोवर साचत राहिला. केवळ नियमाने कार्य झाले नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या जागी कचरा टाकण्यास मनाई केली. मार्चमध्ये मिटमिटा येथे हिंसक संघर्ष उसळला. त्यानंतर राज्य शासनाने सुमारे ९० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि चिकलठाणा, पडेगाव व कांचनवाडी येथे प्रक्रियाकेंद्रे उभी राहिली.

याच सुमारास द्रव्याचा दुसरा ओघ सुरू झाला. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत हवेतील सूक्ष्म कण २० ते ३० टक्क्यांनी घटविणे हे त्याचे उद्दिष्ट होते, व त्यातील नगरांत औरंगाबादचा समावेश होता. पंधराव्या वित्त आयोगाने २०२०-२१ या वर्षासाठी दहा लक्षांहून अधिक वस्तीच्या नगरसमूहांकरिता ४,४०० कोटी रुपयांचे अनुदान सुचविले. पुढे हे साहाय्य प्रामुख्याने दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांच्या वार्षिक सरासरीतील सुधारणेशी जोडले गेले.

जे मोजले जाते त्यावरच खर्च होतो. या कणांत रस्त्यावरील धुळीचा वाटा मोठा असल्याने धूळ झाडणे व रस्त्याच्या कडा बांधणे हा अंक सुधारण्याचा सुलभ मार्ग ठरला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेच्या २०२४ मधील पाहणीनुसार देशभरातील या खर्चापैकी ६४ टक्के रक्कम धूळनिवारणावर गेली. उद्योगांच्या वाट्यास एक टक्काही आला नाही. धूळ कमी झाली तरी इंधनाच्या ज्वलनातून निघणारा कर्बवायू त्यामुळे घटत नाही.

याउलट, नारेगावसारख्या ढिगात प्राणवायूविना कुजणारा ओला कचरा मिथेन निर्माण करतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णताधारक शक्ती कर्बवायूच्या सुमारे २८ पट असते. ढीग पेटल्यास विषारी धूरही पसरतो. खत अथवा इंधनवायू बनविणाऱ्या केंद्रामुळे हे दोन्ही दोष एकाच वेळी टळू शकतात. तरीही अशा केंद्राचे कार्य सफाईच्या खात्यावर मांडले जाते. हवेच्या अनुदानाच्या कसोटीत त्याने टाळलेल्या मिथेनला स्थान नाही.

तात्पर्य, हरित अर्थनीतीचे फलित आजमावताना किती कोटी मंजूर झाले एवढेच पाहणे अपुरे होय. ते द्रव्य कोणत्या अंकाच्या बदल्यात दिले गेले, आणि त्या अंकाबाहेर काय राहिले, याचाही शोध अभ्यासकाने घेतला पाहिजे.