पुलावर गवत नव्हते

१९९१ साल. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमरलो हे संशोधक विद्यार्थी एका गाडीला आपणहून रस्ता धरायला शिकवत होते. एके दिवशी गाडी पुलाजवळ आली आणि एकाएकी बाजूला वळली. पॉमरलो यांनी चटकन स्टिअरिंग पकडले, म्हणून अनर्थ टळला.

या प्रणालीचे नाव ॲल्व्हिन. रस्त्याची कड कशी ओळखावी, याचे नियम तिला कोणी लिहून दिले नव्हते. कॅमेऱ्याचे चित्र ३० × ३२, म्हणजे अवघ्या ९६० ठिपक्यांचे करून न्यूरल नेटवर्कपुढे ठेवले जाई. (आजचा साध्यातला साधा फोनही याला हसेल.) माणूस काही मिनिटे गाडी चालवी, कोणत्या दृश्याला चाक किती वळते, एवढेच यंत्र टिपून घेई.

मग पुलाशी काय बिनसले? यंत्राला विचारण्याची सोय नव्हती. निरनिराळी दृश्ये दाखवून त्याचे प्रतिसाद तपासल्यावर उलगडा झाला : शिकवणीच्या रस्त्यांना कडेने गवत होते आणि यंत्र त्या गवताच्या आधाराने चालत होते. पुलावर गवत नव्हते.

याहून खोल अडचण वेगळीच होती. चांगला चालक रस्ता सोडतच नाही. त्यामुळे भरकटल्यावर परतायचे कसे, हे शिष्याला कधी दिसतच नाही. पॉमरलो यांनी तोडगा काढला. मूळ चित्रे संगणकातच सरकवून गाडी बाजूला गेल्याचा आभास निर्माण करायचा आणि त्यासोबत योग्य वळण शिकवायचे.

१९९५ मध्ये पॉमरलो आणि टॉड जोकेम पिट्सबर्गहून सॅन दिएगोला गेले. सुमारे ४,५०० किलोमीटरच्या त्या प्रवासात ९८.२ टक्के अंतर स्टिअरिंग संगणकाकडे होते. या विक्रमाचे श्रेय पुष्कळदा ॲल्व्हिनला दिले जाते, ते चूक आहे. तेव्हा गाडीत राल्फ नावाची निराळी प्रणाली होती, आणि ब्रेक व ॲक्सिलरेटर माणसाच्याच पायाखाली होते.

भरकटण्याच्या प्रश्नाचे गणिती उत्तर २०११ मध्ये याच विद्यापीठातील रॉस, गॉर्डन आणि बॅग्नेल यांनी मांडले. एक लहान चूक यंत्राला अनोळखी जागी नेते, तिथे पुढची चूक घडते. अशा चुका वाईटात वाईट स्थितीत वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढू शकतात. त्यांचा उपाय असा : यंत्रालाच चालू द्यावे, ते जिथे पोहोचेल तिथली योग्य कृती जाणकाराने सांगावी आणि ती जमेस धरून पुन्हा शिकवावे. ही पद्धत त्यांनी खऱ्या रस्त्यावर मात्र आजमावली नाही. त्यासाठी सुपर टक्स कार्ट आणि सुपर मारिओ हे संगणकीय खेळ वापरले.