मध्यमांची साक्ष

असामान्यांची पूजा आणि सामान्यांची उपेक्षा ही मानवसमाजाची जुनी खोड होय. तिला शास्त्राचे बळ देऊ पाहिले ते इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांनी. प्रतिभा रक्तातून उतरते, असे त्यांनी १८६९ च्या ग्रंथात प्रतिपादले; १८८३ मध्ये सुप्रजाजननशास्त्राचे नामकरणही त्यांनीच केले.

परंतु निसर्गाची साक्ष निराळी निघाली. २०५ दांपत्ये व त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीची मोजमापे त्यांनी १८८६ मध्ये मांडली. अतिउंच आईबापांची मुले उंच खरी, पण बहुधा त्यांच्याहून कमी. ठेंगण्यांची मुले वर सरकलेली. १९०६ मध्ये प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचे कापून साफ केल्यावर किती वजन भरेल, याचे अंदाज खाटीक, शेतकरी व हौशी मंडळींनी चिठ्ठ्यांवर लिहिले. गाल्टन यांनी ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला आकडा खऱ्या वजनापासून एक टक्काही दूर नव्हता!

तरीही समाजाने धडा घेतला तो उलटाच. नाझी जर्मनीत १९३३ च्या कायद्याने लाखो 'कनिष्ठां'ची सक्तीने नसबंदी झाली. उत्कृष्टतेचा ध्यास आपण अवश्य धरावा. मात्र दुर्बलांना वगळून ती साधते, हा भ्रम आम्हांस घातक वाटतो.